एका ओट्यावरचे दोन श्रावण

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आले तेव्हा मी गवार मोडत बसले होते. नवऱ्याने आधी स्वतःचा उघडला, मग माझा, मग परत स्वतःचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाच्या दिवशीसारखं काहीतरी पसरलं. युरिक अ‍ॅसिड 8.3 होतं ते 6.7 वर आलं होतं. एलडीएल, म्हणजे ज्याला सगळे वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, 151 वरून 128. माझंही एलडीएल जरासं उतरलं होतं, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातला मेद, 142 वरून थेट 208, आणि उपाशीपोटीची साखर 97 वरून 103. दोन्ही आकड्यांपुढे छोटासा लाल बाण. "अगं, पण एकाच कढईतलं खाल्लं ना आपण?" तो म्हणाला. त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता, खरंच नवल होतं. गवार तशीच राहिली. महिनाभर या घरात मासा आला नव्हता, अंडं फुटलं नव्हतं, दोघांनी एकाच पातेल्यातलं वरण वाढून घेतलं होतं. मग त्याच्या रक्ताने एक सांगितलं आणि माझ्या रक्ताने दुसरंच, हे कसं?

या तपासण्यांचं मूळ आषाढात होतं. गटारीच्या थोडं आधी त्याच्या उजव्या पायाचा अंगठा असा सुजला की चादरीचा स्पर्श सहन होईना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं. लॅबमध्ये जोडीने केलं तर सवलत होती म्हणून मीही हात पुढे केला. आकडे पाहून बाई म्हणाल्या, श्रावण आलाच आहे, मासे-मटण आणि 'ते बाकीचं' बंद करा, महिन्याने परत बघू. गोळ्या त्यांनी त्याला तेव्हाच सुरू केल्या नाहीत. परत तपासायचं ते गणपतीच्या आत, हे मात्र आम्हीच ठरवलं. गणपतीला गावी गेलं की गौरीला तिखटा नैवेद्य असतो, वडे-सागोती होते, आणि मग श्रावणाचा हिशेब लागत नाही.

मासे खाणाऱ्या घरात श्रावण कसा येतो ते शाकाहारी मैत्रिणींना कितीही सांगितलं तरी पटत नाही. त्यांना वाटतं, मासे आणायचे नाहीत, संपलं. आमच्याकडे आधी माशांची कढई, तवा आणि ती एक काळी पडलेली उलथणी चिंचेने घासून माळ्यावर जाते. सोडे आणि सुकट दोन पिशव्यांत बांधून, वर डबा, डब्याला पुन्हा चिकटपट्टी. तरी फडताळ उघडलं की अंधुक वास येतोच. फ्रीज रिकामा करून लिंबाने पुसायचा. मिक्सरच्या भांड्यात तिरफळाचा वास बसलेला असतो, तो काही जात नाही, त्याकडे देवही काणाडोळा करत असावा. आणि मग पहिल्या दुपारी स्वयंपाकघरात उभी राहते तेव्हा खरी पंचाईत कळते. एरवी जेवणाचा विचार माशापासून सुरू होतो. बांगडा असेल तर तिखलं, मग भात जास्त लागेल. सौंदाळे असतील तर तळायचे, मग सोलकढी हवी. मासा काढून घेतला की ताटाचा यजमानच निघून जातो आणि बाकीची पाहुणेमंडळी एकमेकांकडे बघत बसतात.

पहिला आठवडा काळे वाटाणे, चवळी, मसूर, वालाचं बिरडं यांवर निघाला. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, याला तोड नाही, पण रोज? नवऱ्याचं पोट फुगलं. रात्री कूस बदलताना तो ज्या प्रकारचे उद्गार काढायचा त्यावरून शाकाहार सात्त्विक असतो यावरचा माझा विश्वास डळमळला. याचं कारण साधं आहे. कडधान्यांत अशा काही साखरा असतात ज्या आपल्या लहान आतड्याला पचवता येत नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारून वायू सोडतात. भिजवलेलं पाणी फेकलं, मोड आणले, की त्या साखरा बऱ्याच कमी होतात. शिवाय जिवाणूंची पंगतही बदलते, आणि ती फार लवकर बदलते. 2014 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता. दहा जणांना पाच दिवस नुसतं वनस्पतीजन्य आणि पुढे कधीतरी पाच दिवस नुसतं प्राणिजन्य खायला घातलं. आतड्यातले जिवाणू त्या एवढ्याशा दिवसांत हलले, आणि मांस-अंडी-चीजवर जास्त हलले. त्या दहांत एक जन्माचा शाकाहारी होता, प्रयोगासाठी त्याने मांस खाल्लं. विज्ञानाकरता कोण काय काय बाटवून घेतं! आमच्याकडे दुसऱ्या आठवड्यात पोटं निवळली. सकाळचं कामही, सांगायला हरकत नाही, दोघांचंही वेळेवर होऊ लागलं.

तर नवऱ्याचा श्रावण. त्याने काय काय सोडलं ते मी रिपोर्ट बघितल्यावर नीट मोजलं. मासे, मटण, अंडी सोडली, हे देवाला सांगून. पण शनिवारची ती मित्रांची बैठकही गेली, जिच्यात बिअर असते, फरसाण असतं, आणि जेवायला रात्रीचे बारा वाजतात. कोळंबीचं सुकं आणि सुक्या बोंबलाचं तोंडीलावणं गेलं. बैठक नाही म्हणून रविवारी उशिरा उठणं नाही, म्हणून तो पावसात छत्री घेऊन तलावपाळीला दोन फेऱ्याही मारू लागला. आता युरिक अ‍ॅसिड उतरलं याचं श्रेय शाकाहाराने एकट्याने घ्यावं का? 2004 साली अमेरिकेतल्या सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मांस आणि मासे-कोळंबी जास्त खाणाऱ्यांना गाऊटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साठून सांधे सुजण्याच्या या दुखण्याचा, धोका जास्त निघाला. त्याच पुरुषांमध्ये दारूचा हिशेब मांडला तेव्हा सगळ्यात वाईट बिअर ठरली. तेव्हा माझ्या मते नवऱ्याच्या अंगठ्याने निम्मे आभार सोडलेल्या पापलेटचे आणि निम्मे सोडलेल्या बाटलीचे मानायला हवेत. त्याला हे आवडलं नाही. त्याच्या आत्याने तर फोनवर डाळीही बंद करायला सांगितल्या होत्या, युरिक अ‍ॅसिडला डाळ वाईट म्हणून. त्याच अभ्यासात डाळी-भाज्यांतल्या प्युरिनचा, म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं त्याचा, गाऊटशी संबंध दिसला नव्हता, आणि दूधदुभत्याने तर धोका कमीच झाला होता. आत्यांना मी हे सांगितलं नाही. नव्वदीच्या बाईला अमेरिका कशाला सांगायची, मी वरणाची वाटी भरली आणि गप्प बसले.

आता माझा श्रावण.

रिपोर्ट घेऊन आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि माशांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "उपास किती धरता?" म्हणाल्या. मी सांगायला लागले. सोमवार, संध्याकाळी सोडते. शनिवार, तोही संध्याकाळी. एकादश्या. गोकुळाष्टमी पूर्ण दिवस. शुक्रवारी उपास नसतो, पण जिवतीला पुरणाचे दिंड असतात. नागपंचमीला पातोळ्या, नारळी पौर्णिमेला नारळीभात. मी सांगत होते आणि त्या लिहीत होत्या, आणि शेजारी बसलेला नवरा पहिल्यांदाच ही यादी ऐकत असल्यासारखा ऐकत होता. "आणि उपासाला?" बाईंनी विचारलं. इथे मला हसू आलं, कारण हा प्रश्न कुठे जाणार ते कळलं होतं.

साबुदाण्याची खिचडी मी चांगली करते, हे माझ्या सासूबाईंनीही कबूल केलं होतं, आणि त्या सहजी काही कबूल करणाऱ्या नव्हत्या. रात्री साबुदाणा धुऊन, जेमतेम बोटभर पाणी ठेवून झाकायचा. सकाळी दाणा चिमटीत दाबला की विरघळल्यासारखा दबला पाहिजे आणि तरी बोटाला चिकटता कामा नये. दाण्याचं कूट जाडसर, खरपूस भाजलेल्या शेंगदाण्यांचं. कढईत तूप, जिरं, मिरच्या, बटाट्याच्या पातळ काचऱ्या, त्या कडेने तांबूस झाल्या की साबुदाणा, आणि मग झाकणाखाली तो पांढऱ्याचा पारदर्शक होत जातो तो क्षण. वासावर अर्धा उपास फिटतो. पण पदार्थ म्हणून बघा. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी आणि प्रथिनं अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. जवळजवळ सगळा स्टार्च. शेंगदाणे सोबत असतात म्हणून बरं, त्यांच्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रथिनं, पण कूट आपण मुठीने घालतो आणि साबुदाणा वाटीने. एरवी दुपारी माझ्या ताटात दोन तुकडे बांगडा असायचा, शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं आणि तो ओमेगा-3 मेद, जो ट्रायग्लिसराइड आटोक्यात ठेवायला हातभार लावतो. तो गेला आणि त्याच्या जागी आला स्टार्च, तूप, आणि संध्याकाळी उपास सोडताना गोडाचा घास. ट्रायग्लिसराइड कोलेस्टेरॉलसारखं सावकाश चालत नाही, आठवड्याभराचं खाणंसुद्धा ते लगेच बोलून दाखवतं. शरीराला जादा मिळालेला स्टार्च आणि साखर यांचं यकृत मेदात रूपांतर करतं आणि तो मेद रक्तात सोडतं. यकृताला ती साखर उपासाची होती की पार्टीची, हे कळायला काही मार्ग नाही. (उपासाला काय चालतं हे ज्याने ठरवलं त्याची मला गंमत वाटते. साबुदाणा ज्या कंदापासून तामिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांत बनतो तो कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा, सगळे मूळचे अमेरिका खंडांतले. पोर्तुगीज आले नसते तर खिचडीत जिरं, मीठ आणि तूप उरलं असतं.)

इटलीत फ्लोरेन्सला झालेला एक प्रयोग मी नंतर वाचला, 2018 मध्ये छापलेला. शंभरावर, वजन जास्त असलेल्या माणसांना तीन महिने शाकाहार आणि तीन महिने भूमध्य सागराकडचा आहार, ज्यात मासे आणि थोडं मांस असतं. कुणाला आधी हा, कुणाला आधी तो. वजन दोन्हींत सारखंच उतरलं, पावणेदोन-दोन किलो. एलडीएल शाकाहारात जास्त उतरलं. ट्रायग्लिसराइड मात्र मासेवाल्या आहारात जास्त उतरलं. हे वाचून मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. त्यातही तिथल्या शाकाहारात तुपातली खिचडी नव्हती हे त्याने लगेच दाखवून दिलं, आणि ते खरंच होतं. आणखी एक प्रयोग अमेरिकेत स्टॅनफर्डला झाला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला: जुळ्या भावंडांच्या बावीस जोड्या, तंतोतंत सारख्या, एकाला आठ आठवडे पूर्ण वनस्पतीजन्य आहार, दूधसुद्धा नाही, दुसऱ्याला मांस-मासे असलेला पण नीट आखलेला आहार. वनस्पतीवाल्यांचं एलडीएल जास्त उतरलं, वजनही सरासरी दोनेक किलोने जास्त. तिथे रक्त एक आणि ताटं दोन. आमच्याकडे रक्तं दोन, आणि ताट एक असं आम्ही दोघंही समजत होतो. प्रत्यक्षात आठवड्यातून दोन-तीनदा मी त्याच्यासाठी भाजी-पोळीचा डबा भरत होते आणि स्वतः कढईत उरलेली खिचडी उभ्या उभ्या खात होते.

पुण्याची माझी एक मैत्रीण, जन्माची शाकाहारी, सदाशिव पेठेतली, हे सगळं ऐकून म्हणाली, "तुम्ही महिनाभर सुट्टीवर जाता आणि आम्हाला हवामान सांगता." तिला मागे काही वर्षं तळपायांना मुंग्या यायच्या, विसरायला व्हायचं, आणि शेवटी बी-12, म्हणजे मांस-मासे-दुधातून मिळणारं जीवनसत्त्व, इतकं कमी निघालं की इंजेक्शनं घ्यावी लागली. पुण्यात हे नवीन नाही. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि आसपासच्या मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्क्यांत बी-12 कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण 81 टक्के. माझं बी-12 श्रावणाआधी ठीक होतं, नंतरही ठीकच होतं. आकडा इकडेतिकडे हलतो, पण दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आणि यकृतात साठा काही मिलिग्रॅमचा, म्हणजे वर्षानुवर्षं पुरणारा. महिन्याचा शाकाहारी त्या साठ्याच्या जिवावर हिंडतो आणि परत येऊन सांगतो की शाकाहाराने काही बिघडत नाही. मैत्रिणीचा राग त्यावर होता. मला तो योग्य वाटला. ती ज्या घरात वाढली तिथे दूध-ताक होतं पण बायकांच्या वाट्याला किती यायचं, हे तिने विचारलंच नव्हतं आणि मीही विचारलं नाही, पण आम्ही दोघी त्यावर थोडा वेळ थांबलो.

सासूबाई या सगळ्याला हसल्या असत्या. देवगडकडच्या त्या. त्यांच्या लहानपणी श्रावणात मासे सोडायचे म्हणजे काय, समुद्रच तोंड उघडू द्यायचा नाही. आजही राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, माशांची पैदास व्हावी म्हणून, आणि कोळी नारळ वाहून मग बोटी नेतात. "मासो नाय गावलो म्हणान कोण मेलो नाय," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या ताटात तेव्हा टाकळा, भारंगी, कुरडू, फोडशी, करटोली, अळवाचं फतफतं असायचं. उपासाला वरीचे तांदूळ, ताक, घरच्या केळीचं केळं. साबुदाणा म्हणे दुकानातून पुडीने यायचा, कुणी आजारी असेल तर पेजेला. आणि दिवसभर चिखलात, बेणणीला. हे ऐकून मला पूर्वी वाटायचं, बघा, तो खरा श्रावण. पण त्यांचेच डोळे मला आठवतात. खालची पापणी ओढली की आत पांढरट. आयुष्यभर त्यांना 'रक्त कमी' होतं, जिना चढताना धाप लागायची, आणि त्यांनी ते वयाच्या खाती टाकलेलं. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, जेवल्याबरोबर चहा. पानातल्या भाजीतलं लोह शरीरात आधीच माशा-मटणातल्यापेक्षा कमी शोषलं जातं, वर चहा प्यायला की आणखी कमी. लिंबू पिळलं तर वाढतं. त्यांना हे कुणी सांगितलं नाही. देशात 2019-21 च्या पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, तेव्हा आजही किती जणींना सांगितलं गेलंय कोण जाणे.

बाईंनी मला औषध दिलं नाही. सोमवार बंद करा असंही म्हणाल्या नाहीत, त्या स्वतःही धरत असाव्यात, टेबलावर काचेखाली शंकराचा फोटो होता. भगर करा, राजगिऱ्याची भाकरी करा, दही घ्या, दाणे मूठभर नुसते खा, खिचडी महिन्यातून एखाद्या वेळी, आणि उपास सोडताना गोडापासून सुरुवात नको, एवढंच सांगितलं. मग तीन महिन्यांनी परत तपासू. साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा त्याच वेळी बघू, आत्ता बघून उपयोग नाही. नवऱ्याला म्हणाल्या, तुमचं छान आहे, असंच ठेवा. 'असंच' म्हणजे काय ते तिघांनाही नीट माहीत होतं आणि गौरी जेवायला चारच दिवस होते, त्यामुळे कुणी जास्त खोलात शिरलं नाही.

घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "मी कायमचा शाकाहारी होऊ का? बघ ना, किती फरक पडलाय."

"हो की," मी म्हटलं. "पण मग नीट हो. पुढच्या श्रावणात सोमवार-शनिवार आणि एकादश्या तू धर. मी नुसते मासे सोडते आणि तलावपाळीला जाते."

तो थोडा वेळ बोलला नाही. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा विचारलं, ऑफिसच्या कँटीनमध्ये भगर मिळते का, आणि शनिवार धरला तर संध्याकाळी किती वाजता सोडायचा.